जिला माझी जागा मिळाली

मुंबईच्या हॉटेलांत मुख्य वेटरला कॅप्टन म्हणतात. आलेल्या माणसाला कुठल्या टेबलावर बसवायचं, त्याची ऑर्डर कशी घ्यायची, कुठलं ताट आधी बाहेर काढायचं, कुणाचं बोलणं ऐकून घ्यायचं आणि कुणाला गोड बोलून गप्प करायचं, हे सगळं तो ठरवतो. वेटरच्या अंगात मरून शर्ट आणि कॅप्टनच्या अंगात काळा कोट. मी सोळा वर्षं मरून शर्टात काढली, आणि त्यातली निदान दहा त्या कोटाकडे बघण्यात गेली.

आमचं हॉटेल चारकोपला, मार्केटच्या समोर. खाली साधा हॉल, वर एसी. मालवणी जेवण ही आमची ओळख. पण पनीर आणि शेजवान राइसही ठेवावा लागतो, कारण प्रत्येक घरात मासे न खाणारा एकजण असतोच, आणि हॉटेल कुठलं हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.

आमचे जुने कॅप्टन वेंगुर्ल्याकडचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. माझे वडील गिरणी बंद पडल्यावर लालबाग सोडून इकडे आले, मी बारावीत गटांगळी खाल्ली आणि काकांनी मला फ्लोअरवर घेतलं. हातावर चार ताटं कशी पेलायची हे त्यांनी शिकवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेबल कसं वाचायचं ते शिकवलं. नवरा-बायको भांडून आलेत का, कोण कुणाला जेवायला घालतंय, बिल मागायची कुणाला घाई आहे, हे मी पाण्याचे ग्लास ठेवता ठेवता ओळखायचो. काका म्हणायचे, "मी गावाक गेलंय की ही जागा तुझी."

हे त्यांनी दोन-तीनदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं. त्यामुळे काकांनी गावी जायचं नक्की केलं, तेव्हा मी घरी बायकोला सांगून टाकलं. तिने तिच्या बहिणीला सांगितलं. साडूचा फोन आला, "काय कॅप्टन!" एका दुपारी स्टोअररूममध्ये कोणी नसताना मी काकांचा कोट अंगात घालूनही बघितला. बाह्या थोड्या आखूड होत्या. टेलर कुठला गाठायचा तेही मी ठरवलं होतं.

शेटनी मला गल्ल्याशेजारी बोलावलं आणि सांगितलं, "मी पार्सलवाल्या ताईला कॅप्टन करतोय."

मला वाटलं, मस्करी चाललीय.

ती आमच्याकडे नऊ वर्षं पार्सल काउंटरला होती. म्हणजे फोन उचलायचा, ऑर्डर लिहायची, पिशवीत सोलकढी उभी बसलीय ना बघायचं आणि डिलिव्हरीवाल्याला पत्ता समजवायचा. वय पंचेचाळीसच्या आसपास. नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगला. पुढे मोबाइलच्या अ‍ॅपवरून ऑर्डरी यायला लागल्या आणि काउंटरवरचा फोन दिवसाला पाच-सहा वेळा वाजला तरी खूप. तिला काम उरलं नव्हतं. तिला घरी बसवायचं शेटच्या जिवावर आलं असणार, असं मी तेव्हा मानलं. आयुष्यात एक प्लेट उचललेली नाही आणि थेट कोट!

"शेट, मी सोळा वर्षं..."

"माहितीये रे. तुझ्यासारखा वेटर मला दुसरा मिळणार नाही," शेट म्हणाले. "तुला दारात उभा केला तर फ्लोअर कोण सांभाळेल? आणि हे बघ, तिला फ्लोअरचं काही कळत नाही. ते तू शिकवायचंस."

तक्रार करायलाही जागा ठेवली नाही माणसाने. मी चांगला वेटर होतो म्हणून वेटरच राहायचं. घरी गेलो तर बायकोने शिरा करून ठेवला होता. मी म्हटलं, अजून नक्की नाही. तो शिरा मी खाल्ला. त्याच्याएवढा जड पदार्थ मी आजवर खाल्लेला नाही.

तिला शिकवायला लागलो. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मजेत गेले. ती मेन्यू कार्ड छातीशी धरून उभी राहायची, जणू पोथी वाचायला आलीय. टेबलांचे नंबर चुकायची. वरच्या हॉलमधल्या सहाची ऑर्डर खालच्या सहाला गेली आणि एका शाकाहारी गुजराती कुटुंबासमोर तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, वाटी आली. ती धावत गेली, हात जोडले, चेहरा लालबुंद. मी लांबून बघत होतो. मदतीला जायला हवं होतं. गेलो, पण सावकाश गेलो.

आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. ती काउंटरवर असताना मी ओरडायचो, "ए बाय, तुझी पिशवी गळतेय बघ." आता शेटनी फर्मान काढलं, कस्टमरसमोर कॅप्टनला मॅडम म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. पहिल्यांदा "मॅडम, तुम्ही बघता का जरा" म्हटलं तेव्हा तीच ओशाळली. पण माझ्या तोंडात ते वाक्य कच्च्या सुरणासारखं खाजत राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी माझं खरं पोट दुखायला लागलं.

दुपारी एकच्या सुमाराला चौघांचं एक कुटुंब आलं. त्यातल्या गृहस्थांना मी आठेक वर्षं वाढत होतो. सुरमई थाळी, एक्स्ट्रा भात, जेवल्यावर बडीशेप मागून घेणार. ते दारात नुसतं एवढंच म्हणाले, "चारजण आहेत, एसीत होईल का?"

ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही चौथ्या मजल्यावरचे ना? तुमच्याकडची लिफ्ट झाली का चालू? आमचा डिलिव्हरीचा पोरगा दर वेळी शिव्या घालत यायचा."

ते गृहस्थ बघतच राहिले. "तुम्ही कशा ओळखता मला?"

"आवाजावरून. नऊ वर्षं ऐकतेय. सोलकढीत मिरची नको, मुलीला पापलेट बिनतिखटाचं. आणि आई आल्या नाहीत? त्यांच्यासाठी तुम्ही मऊ भात सांगायचात."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! आई वर्षापूर्वी गेल्या, असं ते तिला तिथेच उभ्या उभ्या सांगायला लागले. बायको पुढे झाली, तिने हिचा हात धरला. मी पाण्याचा जग घेऊन मागे उभा. आठ वर्षं या माणसाच्या पानात मी भात वाढला, आणि तो कितव्या मजल्यावर राहतो हे मला ठाऊक नव्हतं. त्याला आई होती हेही नाही.

मग हे रोजचंच झालं. माणसं दारात दोन शब्द बोलायची आणि ही त्यांचं अर्धं घर ओळखायची. कुणाला ताप असताना पेज लागली होती, कुणाच्या मुलाची परीक्षा होती म्हणून महिनाभर डबा गेला होता. लोक खूश होऊन आत यायचे. कोट तिला ढगळ होत होता, तो शेटनी स्वतः टेलरकडे देऊन बेतून घेतला. आरशासमोरून जाताना ती कॉलर नीट करायची, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

तिची अडचण मला दिसत होती. मुलीची फी, भाड्याची खोली, सगळं माहीत होतं. मी मनाला सांगून बघितलं की बाबा, तिला गरज आहे. मन म्हणायचं, गरज मलाही आहे. मी तिच्या चुका मोजायला लागलो. घरी जाऊन बायकोला त्या सांगायचो. सुरुवातीला ती ऐकायची, मग एकदा म्हणाली, "आज तिचं सोडून दुसरं काही बोलशील का?"

या सगळ्यात पावसाळा गेला, गणपती झाले, आणि मग तो वाढदिवस आला.

आमच्याकडे दोन भाऊ यायचे. दोघेही साठीच्या आसपास, मूळ कणकवलीकडचे, आता दोघांचीही घरं चारकोपला, पण वेगवेगळ्या सेक्टरमध्ये. पूर्वी आईला घेऊन एकत्र यायचे. दोनेक वर्षांपूर्वी वरच्या हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर, त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. आईला कुणी ठेवायचं यावरून. दोघांनाही आई हवी होती, गंमत म्हणजे. धाकटा म्हणाला, तुझ्याकडे तिची आबाळ होते. थोरला ताटावरून उठला आणि बोलून गेला की यापुढे तुझ्या पंगतीला बसणार नाही. आई धाकट्याकडे गेली. त्यानंतर थोरला दर बुधवारी दुपारी एकटा माझ्या टेबलावर येऊन बांगडा-भात खायचा. कमी बोलायचा, पण जे बोलायचा ते माझ्याशी.

त्या बुधवारी हात धुऊन आल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. "रविवारी आईचा ऐंशीवा वाढदिवस आहे. धाकट्याने तुमच्याकडेच जेवण ठेवलंय. त्याच्या बायकोचा फोन आला होता. मी येणार आहे, आईसाठी. पण मला त्याच्या टेबलावर बसवू नका. माझं नि बायकोचं शेजारी वेगळं टेबल लावा. आईला दिसेन असं. तेवढं कॅप्टनला सांग. विसरू नको."

"नाही विसरणार," मी म्हटलं.

आणि विसरलो नाही. ते वाक्य बुधवारपासून रविवारपर्यंत माझ्या खिशात होतं. गुरुवारी सकाळी ती माझ्याकडे आली, "अरे, रविवारी बावीसजण आहेत. सलग एक टेबल लावू या ना? तुला काय वाटतं?" तिने विचारलं होतं. मी तेव्हा नुसतं "लावू या" म्हणालो. शुक्रवारी, शनिवारी बोलता आलं असतं. प्रत्येक वेळी वाटायचं, सांगू नंतर. खरं म्हणजे मला बघायचं होतं. हिला आवाज ओळखता येतात ना, मग हेही ओळखू दे. एकदा तरी शेटच्या डोळ्यांदेखत हिचं काहीतरी असं चुकू दे की ते निस्तरायला मलाच जावं लागेल. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. थोरला चिडणार, ही गोंधळणार, मी पुढे होऊन "सर, या, मी लावतो" म्हणणार.

रविवारी ते सलग टेबल मीच लावलं. बावीस खुर्च्या, पांढरी चादर, मधोमध झेंडूची फुलं. म्हातारीसाठी तिने किचनला शिरवाळे करायला लावले होते. तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. मेन्यूत नसतात. धाकट्याच्या बायकोने फोनवर सहज म्हटलं होतं की सासूबाईंना आवडायचे, आणि हिने ते लक्षात ठेवलं. त्याचाही मला राग आला.

म्हातारी आली. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा वळेसार माळलेला. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, नात हात धरून होती. सगळे बसले. शेवटी धाकट्याच्या उजव्या हाताला दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि तेवढ्यात थोरला बायकोला घेऊन जिना चढून वर आला.

त्याने टेबल बघितलं. त्या दोन खुर्च्या बघितल्या. हातातली साडीची पिशवी तशीच धरून तो दारात थांबला.

"या सर," ती पुढे झाली. "इकडे या, आईंच्या जवळच आहे जागा."

"मी निरोप दिला होता," तो हळू म्हणाला.

"कसला निरोप, सर?"

माझी वेळ आली होती. मी तीन पावलांवर होतो. ठरवल्याप्रमाणे पुढे व्हायचं होतं, पण मी वळलो आणि वडे आणायचं निमित्त करून किचनमध्ये घुसलो.

किचनच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. तिला निरोपाचं काही माहीत नव्हतं, पण दोघा भावांचे चेहरे बघून तिला कळलं असणार. ती म्हणाली, "माझी चूक झाली सर. पाचच मिनिटं द्या, वेगळं टेबल लावते." पण आता वीसजण माना वळवून बघत होते. धाकटा मोठ्याने म्हणाला, "वेगळं कशाला? आजच्या दिवशी पण तमाशा करायचाच आहे का तुला?" थोरल्याच्या बायकोने त्याची बाही धरली. त्याने पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरून गेला. ती बिचारी त्याच्या मागे.

 म्हातारी मान इकडेतिकडे फिरवत मुलाला शोधत होती. "माझो झील इललो मा? आवाज आयकलंय मी त्येचो. खंय गेलो?"

 नात म्हणाली, "येतील गं आजी."

मी परातीतून वडे घेऊन बाहेर आलो. शेट गल्ल्यावरून वर आले होते आणि आमच्या कॅप्टनकडे बघत होते. हेच मला हवं होतं. तरी मी वडे टेबलाच्या लांबच्या टोकाकडून वाढायला घेतले.

ती शेटकडे गेली नाही. माझ्याकडेही आली नाही. सरळ म्हातारीच्या खुर्चीशी गेली आणि खाली वाकून तिच्या कानात काहीतरी बोलली. म्हातारी उठली. धाकटा म्हणाला, "अहो, कुठे नेताय तिला?"

"खाली दारापर्यंत. त्यांना मुलाला भेटायचंय. तुम्ही वडे घ्या, गरम आहेत."

ज्या आवाजात तिने हे सांगितलं त्या आवाजावर कुणाला नाही म्हणता आलं नाही. एक-एक पायरी करत ती म्हातारीला खाली घेऊन गेली. आमच्या दाराबाहेर एक लांब बाक आहे, रविवारी जागा मिळेपर्यंत लोकांना बसायला. वरच्या खिडकीतून मला दिसलं, त्या बाकावर तेव्हा सात-आठजण होते. तिने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, अर्धा बाक रिकामा झाला. थोरला पुढे पानाच्या टपरीपाशी रिक्षाला हात करत होता. ती रस्ता ओलांडून गेली आणि त्याला घेऊन आली.

मग तिने मला खालून हाक मारली. "खाली दोन वाट्या शिरवाळे दे."

मी ट्रे घेऊन उतरलो. बाकावर म्हातारी, तिच्या शेजारी साठीचा मुलगा मान खाली घालून, पलीकडे त्याची बायको. आजूबाजूला नंबर लावून उभी असलेली माणसं, दारात चपलांचा आणि फोडणीचा वास. म्हातारीने त्याच्या गालावरून हात फिरवला. "बारीक झालंस. जेवलंस?"

"नाय."

"मगे बस हय. जेव."

मी वाटी पुढे केली. म्हातारीने स्वतःच्या हाताने शेवया रसात कालवल्या आणि त्याला भरवल्या, इतक्या लोकांसमोर. तो खात होता आणि नाक पुसत होता. दुसरी वाटी त्याने तिला भरवली. वरचं जेवण वर चाललं होतं, त्यांचं इथे. धाकटा एकदा जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आला, उभा राहिला, आणि परत वर गेला.

रिकाम्या वाट्या उचलायला मी वाकलो तेव्हा थोरल्याने माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं नव्हतंस ना?"

"विसरलो, सर."

"तू विसरणाऱ्यांतला नाहीस," तो म्हणाला. आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी शेटनी तिला गल्ल्याशी बोलावून झापलं, बुकिंग नीट विचारून घेता येत नाही का म्हणून. ती ऐकून घेत होती. "माझं चुकलं" एवढंच म्हणाली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी टेबलं पुसत राहिलो. आणि एक अजून सांगतो, जे बायकोलाही सांगितलं नाही. त्या क्षणीसुद्धा मला लाजेपेक्षा मत्सर जास्त वाटत होता. म्हातारीला बाकावर न्यायचं मला सुचलं नसतं. माझ्या डोक्यात फक्त वेगळं टेबल होतं. तिला खड्ड्यात ढकलायला गेलो आणि ती खड्ड्यातून असं काहीतरी घेऊन वर आली जे सोळा वर्षांत माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मंगळवारी दुपारी चारला आम्ही स्टाफचं जेवण जेवत होतो. बाकीचे उठले, आम्ही दोघंच राहिलो. मी म्हटलं, "थोरल्याने निरोप माझ्याकडे दिला होता. बुधवारी."

तिचा घास हातात राहिला. "आणि तू विसरलास?"

"नाही."

 मला वाटलं, रडेल किंवा सोडून देईल, तिचा स्वभाव मऊ होता. तिने ताट बाजूला सरकवलं.

"माझी वाट लावायची होती ना तुला? मग माझी लावायची. माझ्या ऑर्डरी चुकवायच्या, शेटकडे चुगल्या करायच्या. ती ऐंशी वर्षांची बाई तुझं काय लागत होती रे? तिचा वाढदिवस घेतलास तू?"

"मला वाटलं नव्हतं एवढं..."

"वाटलं होतं. तुला सगळं वाटतं. टेबलाकडे बघून तुला सगळं कळतं, तूच शिकवलंस मला." ती उठली. "तुझी जागा मी मागितली नव्हती. शेटनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं होतं. आता वाटतं, बरं झालं नाही ऐकलं त्यांनी."

शेटला तिने काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती मला तुम्ही म्हणायला लागली. नुसतं कस्टमरसमोर नाही, किचनमध्ये, जिन्यात, सगळीकडे. "सात नंबरला पाणी द्या." "तुमची सुट्टी लिहून ठेवा." मोठ्या माणसाला तुम्ही म्हटलं की मान असतो. तिने मला म्हटलं की दार लागल्यासारखं वाटायचं. मी दोन-तीनदा मस्करी करून बघितली, ती कामाचं बोलून निघून जायची.

थोरला पुन्हा बुधवारी आला नाही. मी पुढचे कितीतरी बुधवार त्याच्या टेबलावर दुसऱ्याला बसवायला उशीर करायचो. एकदा तो मार्केटमध्ये कोळणीसमोर उभा दिसला. मला बघून त्याने मासा निवडायचं सोडून दिलं आणि पुढे गेला. त्याच्या आईला तो नंतर भेटला की नाही, भावाभावांचं काही झालं का, मला ठाऊक नाही. ते विचारायचा हक्क मी घालवला होता.

वर्षभराने शेटनी मुलुंडला दुसरं हॉटेल काढलं. मला बोलावून म्हणाले, "तिथे कॅप्टन म्हणून जातोस का? लांब पडेल, पण बघ." मी हो म्हणायच्या आत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "मी बाहेरून माणूस आणणार होतो. ताईने सांगितलं, यालाच पाठवा, याच्याएवढं फ्लोअर कुणाला कळत नाही."

म्हणजे ज्या जागेसाठी मी एवढा जळलो, ती शेवटी तिच्या शब्दावर मिळाली. तिला माझं भलं करायचं होतं की मला डोळ्यांसमोरून घालवायचं होतं, हे मी तिला विचारलं नाही. शेवटच्या दिवशी म्हणालो, "शेटना तू सांगितलंस ते कळलं." ती नॅपकिन मोजत होती. "तुम्हाला काम येतं, म्हणून सांगितलं," म्हणाली, आणि मोजत राहिली.

मुलुंडला आता तीन वर्षं होतील. चारकोपहून बस आणि रिक्षा धरून पावणेदोन तास. कोट माझ्या मापाचा शिवलेला आहे. पहिल्या महिन्यात मला कळलं की दारात उभं राहणं हे वेगळंच काम आहे. माझे हात शिवशिवतात. समोरून ताट गेलं की मी ते उचलायला धावतो, आणि तेवढ्यात दारात चारजण ताटकळत उभे राहतात. लोकांना मी पटकन आवडतही नाही. त्यांचं भांडण मला त्यांच्या आधी दिसतं, आणि ते बहुतेक माझ्या चेहऱ्यावर उमटतं. मी वाईट कॅप्टन नाही. बरा आहे. शेटनी एकदा सहज म्हटलं, "चारकोपला कसं, माणसं कॅप्टनला भेटायला येतात." मी म्हटलं, हो. आणि बाकीचा दिवस किचनवर ओरडत घालवला.

मागच्या महिन्यात बायको म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला चारकोपच्या हॉटेलात जाऊ. तू सोळा वर्षं तिथे काम केलंस, मी एकदा तरी नीट बसून जेवलेय का?" मी दोन-तीन दुसरी नावं सुचवून बघितली. नाही ऐकलं तिने.

गेलो. ती दारातच होती. केस थोडे पांढरे झाले होते, कोट तसाच कडक. मला "या" म्हणाली, आणि बायकोला घेऊन वर खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. ऑर्डर स्वतः घेतली. बायकोला विचारलं की मुलगा कितवीत आहे, गुडघा कसा आहे, आणि माझ्यासमोर तिला सांगितलं, "यांनी शिकवलंय मला सगळं." तिखट बेताचं आणलं. जेवण संपताना न मागता एक खरवस आला. बायको हसत होती, बोलत होती, घरी बोलते त्याच्या दुप्पट. मी बांगड्याचे काटे काढत हॉलकडे बघत होतो. कुठलं टेबल तुंबलंय, कुणाला लिंबू हवंय, कोण मान वर करून वेटर शोधतोय.

परत येताना मार्केटमधून चालत होतो. बायको म्हणाली, "किती छान आहे बाई ती. उगाच तू वर्षभर माझं डोकं खाल्लंस."

मी भाजीच्या गाड्या चुकवत चालत राहिलो. ती पुन्हा म्हणाली, "खरंच छान चालवते हं हॉटेल."

"पाणी यायला सात मिनिटं लागली," मी म्हटलं.

बायको थांबली. "तू घड्याळ लावून बसला होतास?"

"हो," मी म्हटलं.